टेंबवाडी फाट्यावरचा रानमेवा

हौसाबाई शिवगण एसटीत कंडक्टर होत्या. त्यांचा नवरा धोंडू रत्नागिरी आगारातच ड्रायव्हर होता. काविळीचं निमित्त झालं आणि तो ऐन चाळिशीत गेला. अनुकंपेवर हौसाबाईंच्या खांद्याला ती चामड्याची पिशवी आली. मुलगा संदेश तेव्हा नुकता शाळेत जायला लागला होता. बाई कंडक्टर ही त्या दिवसांत नवलाची गोष्ट. पहिल्याच दिवशी देवरूखच्या गाडीत एका आजोबांनी त्यांनाच विचारलं, "कंडक्टर अजून चढला नाय काय?"

"चढला. तुमच्या पुढ्यात उभा हाय. कुठलं तिकीट देऊ?"

अख्खी गाडी हसली. आजोबाही हसले. त्या हसण्यात हौसाबाईंची निम्मी भीती उतरली, आणि उरलेली बावनदीच्या वळणांवर कुठेतरी सांडून गेली.

त्यानंतर त्यांचं सगळं आयुष्य गाडीच्या मधल्या बोळातच गेलं. शाळेची पोरं, बाजाराच्या बायका, गणपतीला आलेले चाकरमानी, दवाखान्यात निघालेल्या बाळंतिणी, सगळ्यांना त्यांनी तिकिटं दिली. संदेश मोठा झाला, डिप्लोमा करून मुंबईला नोकरीला लागला, तिथेच त्याचा संसार झाला. हौसाबाई रत्नागिरीत नाचणे रोडला एका खोलीच्या ब्लॉकमध्ये एकट्या राहत, पण एकटेपणा जाणवायला वेळ होता कुठे? पहाटे डबल बेल मारायची आणि संध्याकाळी पाय गरम पाण्यात सोडून बसायचं, की दिवस संपला.

मग एका मे महिन्याच्या अखेरीस आगारात निवृत्तीचा शाल-नारळ झाला. सगळे म्हणाले, "बाई, आता आराम करा."

हौसाबाईंनी आराम केला. पहिले काही दिवस उशिरापर्यंत झोपल्या, कपाट आवरलं, जुन्या साड्या उन्हात घातल्या. नंतर करण्यासारखं काही उरलं नाही. पहाटे जाग यायची ती यायचीच. उठून चहा करायच्या, टोस्ट बुडवून खायच्या आणि खिडकीपाशी बसायच्या. खालच्या रस्त्यावरून गाडी गेली की आवाजावरून ओळखायच्या, ही लांज्याची, ही गणपतीपुळ्याची. दुपारी भूक लागली तर पुन्हा चहा. फारच झालं तर पाकिटातल्या शेवया उकळून घ्यायच्या. भाजी आणायला खाली उतरायचं म्हटलं की अंगावर डोंगर यायचा. केस विंचरायचे राहू लागले. शेजारणीने हाक मारली तर दार न उघडता "झोपलेय" म्हणून सांगू लागल्या. रडू येत नव्हतं. रडू आलं असतं तर त्यांना बरंच वाटलं असतं.

दिवाळीला संदेश आला तेव्हा त्याने स्वयंपाकघरातले डबे उघडून पाहिले. एकात चहापूड, एकात साखर, आणि टोस्टचा पुडा. बाकीचे रिकामे. ज्या घरात दिवाळीला कडबोळ्यांचा वास जिन्यापर्यंत यायचा, तिथे चूल आठवडा आठवडा धड पेटली नव्हती. दुसऱ्या दिवशी तो आईला रिक्षात बसवून डॉक्टर मनस्विनी बापटांकडे घेऊन गेला. पाटीवर 'मनोविकार तज्ज्ञ' वाचून हौसाबाई पायरीवरच थांबल्या.

"मी काय वेडी झालेय, संदेश?"

"नाय गो आये. पण तू हसायची बंद झालीस, ते मला फोनवरसुद्धा कळतंय."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण ऐकून घेणाऱ्या होत्या. झोप, भूक, मन कशात लागतं, जगणं नको वाटतं का, सगळं न कचरता विचारलं. रक्त तपासायला सांगितलं. मग म्हणाल्या, "काल दिवसभरात काय खाल्लंत?"

"चहा."

"चहाबरोबर?"

"टोस्ट."

"आणि जेवण?"

हौसाबाईंना आठवेना. टोस्टच्या आधी आणि नंतर काही होतं का, हे त्या खरोखर शोधत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "बाई, नोकरीत असतानाही मी कधी धड जेवले नाही हो. स्टँडच्या कँटीनचा वडा-उसळ, पुन्हा चहा. तेव्हा कुठे काय झालं?"

डॉक्टरांनी त्यावर वाद घातला नाही. तपासण्यांचे कागद आले तेव्हा रक्त कमी निघालं आणि आजाराला नाव मिळालं, नैराश्य. गोळ्या सुरू झाल्या. त्याबरोबर डॉक्टरांनी जेवणाचंही समजावून सांगितलं. "आपण श्वास घेतो, अन्न जाळतो, त्यात शरीरात सारखी एक झीज चालू असते. मेंदूतसुद्धा. फळांत, पालेभाज्यांत, कडधान्यांत काही द्रव्यं असतात, ती त्या झिजेला आवर घालतात. त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात."

"म्हणजे खाऱ्या हवेनं गाडीचे पत्रे गंजतात म्हणून डेपोत रंग मारतात, तसं?"

डॉक्टर हसल्या. "बरंचसं तसंच. पण एक खरं सांगते. ज्यांच्या ताटात फळं-भाज्या जास्त, त्यांच्यात उदासी कमी दिसते, असं पुष्कळ अभ्यासांत आढळलंय. मात्र ताट सुधारलं म्हणून मन सुधारतं, की मन थाऱ्यावर असलेलं माणूसच नीट जेवतं, हा गुंता अजून पुरता सुटलेला नाही. म्हणून जेवण गोळीच्या जोडीला. गोळीच्या जागी नाही."

संदेश मुंबईला परतला तो 'अँटिऑक्सिडंट' हा एकच शब्द डोक्यात घेऊन. आठवड्याभरात पार्सल आलं. त्यात अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूलची बाटली होती आणि परदेशी जांभळट बेरी सुकवून भरलेला एक झोकदार डबा. कॅप्सूल डॉक्टरांनी पाहून बाजूला ठेवायला सांगितल्या. डबा हौसाबाईंनी उघडला. एक दाणा तोंडात टाकला. गोड होता, चिवट होता, पण त्यात आंबटपणाचा मागमूस नव्हता. त्यांनी तो बराच वेळ चघळला आणि आपण नक्की कशाची वाट पाहतोय ते त्यांना एकदम कळलं. त्या करवंदाची वाट पाहत होत्या.

देवरूखच्या रस्त्याला टेंबवाडी फाटा लागतो. तिथे ना शेड ना पाटी, एक आडवी कातळाची शिळा तेवढी. त्या शिळेवर रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या सकाळच्या गाडीची वाट बघत बायका पाट्या घेऊन बसलेल्या असत. त्यांच्यातली मालन गोताड पहिल्याच भेटीत हौसाबाईंशी भांडली होती. नियमाप्रमाणे पाटीचं वेगळं तिकीट लागतं म्हटल्यावर ती पाटीच मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "हे माजं पोर हाय. पाच वर्षांच्या आतल्याला तिकीट नसतं."

"मग पोराला जरा दूध पाज," हौसाबाई म्हणाल्या. मालन जी हसत सुटली ती हातखंब्यापर्यंत. पाटीचं तिकीट तिने काढलं, पण उतरताना पानांच्या द्रोणात मूठभर करवंदं हौसाबाईंच्या पिशवीवर ठेवून गेली.

तो द्रोण मग वर्षानुवर्षं येत राहिला. चैत्र-वैशाखात करवंदं, मागोमाग जांभळं. मग लालभडक रतांबे, ते फोडून गर चोखायचा आणि साली आमसुलांसाठी घरी न्यायच्या. पावसाळ्यात द्रोणाच्या जागी रानभाजीची जुडी यायची, टाकळ्याची, भारंगीची, कुर्डूची. थंडीत आवळे. एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात, म्हणून हौसाबाई मालनच्या मास्तरीण. "मास्तरीण, तोंड हलव," ती म्हणायची, "नुसतं तिकीट तिकीट करून घसा सुकला तुजा." तिच्या पाठोपाठ बाकीच्या बायकाही काहीबाही काढत. ड्रायव्हर आरशातून बघत हात मागे करायचा, त्याच्या तळव्यावर दोन जांभळं पडायची. कॉलेजच्या पोरी हावरटासारख्या मागून घ्यायच्या. खिडक्यांतून बिया उडायच्या. जांभळांच्या दिवसांत हौसाबाईंच्या बोटांचे ठसे तिकिटांवर उमटायचे, आणि रत्नागिरीला उतरणारी माणसं एकमेकांना जीभ काढून दाखवायची, कुणाची जास्त जांभळी ते.

खिडकीपाशी बसून हौसाबाईंना हे आठवलं तेव्हा वाटलं, म्हणजे कँटीनच्या वड्यावर आपण जगलो, हे खरं नाही. कुणीतरी आपल्याला चारत होतं. आपण त्याला जेवण म्हणत नव्हतो, एवढंच.

गोळ्यांनी हळूहळू झोप लागू लागली होती. पौषात एका सकाळी त्यांनी केस विंचरले, धुतलेली साडी नेसली आणि स्टँडवर जाऊन देवरूखच्या गाडीत बसल्या. खिडकीशी. आयुष्यात पहिल्यांदा त्या मार्गावर बसून जात होत्या. कंडक्टर नवीन पोरगा होता, त्याने त्यांना ओळखलं नाही, आणि त्याचं त्यांना बरंच वाटलं. चौपदरी रस्त्यासाठी कितीतरी झाडं गेली होती. ओळखीचे आंबे आता नुसते आठवणीत उभे. पण टेंबवाडी फाट्याची शिळा होती. तिच्यावर कुणी नव्हतं.

पायवाटेने चढून वाडीत पोचेपर्यंत त्यांना धाप लागली. विचारत विचारत मालनचं कौलारू घर सापडलं; पुढचं अंगण सारवण उडून धुळीने भरलेलं. दाराशी मालन बसली होती. हौसाबाई तिला बघून अंगणातच थांबल्या. ते विस्कटलेले केस, ती कुठेच न बघणारी नजर त्यांच्या ओळखीची होती. दिवाळीपर्यंत ती रोज त्यांना आरशात दिसत होती.

"मालन, ओळखलंस काय?"

मालनने मान वर केली. "मास्तरीण," ती म्हणाली. "तू कशी वाट चुकलीस गो?"

मग तिने सांगितलं ते थोडक्यात सांगितलं. तिचा नवरा श्रीपती जन्मभर मुंबईत एका कापडाच्या दुकानात कामाला. गणपतीला यायचा आणि शिमग्याला यायचा, बाकी वर्षभर नवरा म्हणजे फोनमधला आवाज. हातपाय थकल्यावर तो कायमचा घरी आला. दोघांनी मिळून एक वर्ष काढलं. त्या वर्षात तो तिच्याबरोबर रानात जायचा, करवंदीच्या काट्यांत हात ओरबाडून घ्यायचा आणि लहान पोरासारखा खूश व्हायचा. मागच्या श्रावणात छातीत कळ येऊन गेला. लेक सासरी चिपळूणला, लेक म्हणते ये इकडे, पण मालन जात नाही.

"बाजारात का येत नाहीस?"

"कुणासाठी?"

हौसाबाई आत गेल्या. चुलीजवळच्या फळीवर चहाची पूड होती, साखर होती, आणि टोस्टचा पुडा होता. तोच पुडा, तीच कंपनी. त्या पुड्याकडे बघत त्या उभ्याच राहिल्या. मागच्या दाराबाहेर आवळीचं झाड फळांनी वाकलेलं, खाली आवळ्यांचा सडा, शेवग्याला कोवळा पाला, माळ्यावर नवा लाल तांदूळ, मडक्यात कुळीथ, बरणीत आमसुलं. आपण इथे रानमेवा शोधायला आलो, आणि ज्या बाईच्या दारात तो पडलाय तीही टोस्टवरच जगतेय.

"चूल पेटवते गो," त्या म्हणाल्या.

"एकलीसाठी चूल पेटवली तर धूरच जास्त होतो," मालन दारातूनच म्हणाली.

"दोघी आहोत आज."

हौसाबाईंनी लाल तांदळाचा भात रांधला, कुळथाचं पिठलं केलं, शेवग्याचा पाला परतला, आमसुलाचं सार केलं, वर लसणीची फोडणी दिली. आवळे ठेचून त्यात मीठ-मिरची घातली. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या हाताला फोडणीचा चटका बसला आणि तो त्यांना आवडला. पानं घेतली. मालन पहिल्यांदा नुसतं चिवडत होती. साराचा घोट घेतला आणि थांबली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण हात थांबला नाही. रडत रडत ती जेवली, दुसऱ्यांदा भात घेतला, आणि जेवण झाल्यावर म्हणाली, "खारट झालंय थोडं."

"तुझं रडं पडलं त्यात," हौसाबाई म्हणाल्या.

मालनला डॉक्टरांकडे न्यायला मात्र बरेच दिवस गेले. "मला काय झालंय? नवरा मेला, रडू नको काय?" हा तिचा सवाल बिनतोड होता. हौसाबाईंनी तिला एवढंच सांगितलं, "मी पण त्या पायरीवर थांबले होते. वर गेल्यावर कुणी मला वेडी म्हणालं नाही." लेकीनेही चिपळूणहून येऊन आग्रह धरला तेव्हा मालन आली. डॉक्टर बापटांनी तिलाही तेच सांगितलं, औषध, बोलणं, हिंडणं आणि ताट. तिच्या बाबतीत औषध थोडंच लागलं. बोलणं जास्त लागलं.

दर मंगळवारी हौसाबाई टेंबवाडीला जाऊ लागल्या. दोघी मिळून रांधायच्या आणि शेजारच्या यमुनाबाईंनाही हाक मारायच्या, कारण त्याही एकट्याच होत्या. चैत्र लागला तशा रानात गेल्या. हौसाबाईंनी आयुष्यभर करवंदं खाल्ली होती, पण काढली कधीच नव्हती. मालनने त्यांना शिकवलं, फांदी खालून धरायची, पिकलेलं करवंद ओढायचं नाही, ते आपण होऊन बोटात येतं. एकदा करवंदीच्या जाळीच्या पलीकडे मालनचा हात एका फांदीवरच थांबला. हौसाबाईंनी विचारलं, तर म्हणाली, "हितंच ह्यांचा सदरा फाटलेला. मी बोलले त्यांना केवढं. आता वाटतं, का बोलले." हौसाबाईंना धोंडू आठवला. त्यांनी त्याच्याबद्दल कुणाशी बोलून वर्षं लोटली होती. त्या दुपारी जांभळीच्या सावलीत दोघींनी आपापल्या नवऱ्यांच्या आठवणी काढल्या, त्यांच्या खोड्या, त्यांचे राग, त्यांचं घोरणंसुद्धा. पाट्या अर्ध्याच भरल्या.

एवढं चांगलं चाललं होतं, म्हणून हौसाबाईंनी एक आगाऊपणा केला. आंबे, करवंदं, जांभळं, रतांबे, सगळं पोटात जात होतं, झोप येत होती, हसू येत होतं. मग गोळी कशाला? त्यांनी परस्पर गोळ्या सोडल्या. थोडे दिवस काही झालं नाही. आषाढात मात्र पुन्हा तो डोंगर अंगावर आला. मंगळवार चुकला. पुढचाही चुकला. फोन वाजत राहिला, त्यांनी उचलला नाही.

तिसऱ्या मंगळवारी दारावर थाप पडली. शेजारीण असेल म्हणून त्या गप्प राहिल्या. थाप थांबेना. दार उघडलं तर मालन, चिंब भिजलेली, डोक्यावर पाटी. टेंबवाडीहून रत्नागिरीला ती एकटी वर्षभरानंतर पहिल्यांदाच आली होती.

"काय गो, इसारलीस आमाला? भारंगी आणलीय. आणि गोळ्या कुठं आहेत त्या दाखव."

हौसाबाईंनी कबूल केलं तेव्हा मालन त्यांच्यावर अशी काही बरसली, की खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. मग तिने भारंगीची भाजी केली, चणाडाळ घालून, कडूपणा निघावा म्हणून पाला उकळून पाणी ओतून. दुसऱ्या दिवशी दोघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टर रागावल्या नाहीत, पण गंभीर झाल्या. "बाई, गोळी बंद करायची ती मी ठरवेन, हळूहळू, पायरी पायरीने. जांभळं तुम्ही ठरवा."

त्यानंतर हौसाबाईंनी कधी गोळी चुकवली नाही. कमी व्हायची ती डॉक्टरांच्या हातूनच कमी होत गेली. मालन आठवड्याच्या बाजारात पुन्हा बसू लागली. तिच्याशेजारी गोणपाटावर हौसाबाई बसत. गिऱ्हाइकाने घासाघीस केली, की कंडक्टरकीतला आवाज काढून "पुढे सरका, पुढे सरका" म्हणत आणि बाजार हसायचा. कुणी शहरातली मुलगी "हे मनाला चांगलं असतं ना हो?" विचारायची, तेव्हा हौसाबाई खरं तेच सांगत, "चांगलं आहे बाय. पण एकटीने खाऊ नको."

बरं वाटलं ते नक्की कशाने, याचा विचार त्यांनी पुष्कळदा केला. गोळीने, की आवळ्याने, की टेंबवाडीची चढण चढल्याने, की मालनच्या शिव्यांनी? डॉक्टरांना विचारलं, तर त्याही म्हणाल्या, वेगळं करून सांगता येणार नाही. हौसाबाईंना मनातून वाटे, की पूर्वीही ते वेगळं नव्हतंच. द्रोण होता, त्यात करवंदं होती, आणि तो देणारा हात होता.

त्या वर्षी थंडीत एकदा बोलता बोलता मालन म्हणाली, की तिने समुद्र जवळून कधी पाहिलाच नाही. जन्म रत्नागिरी जिल्ह्यात गेला, पण बाजार करायचा आणि परतीची गाडी धरायची. हौसाबाईंना हसू आलं. त्यांनी गुहागरच्या किती फेऱ्या मारल्या असतील, पण स्टँडवर गाडी वळवायची आणि चहा घेऊन माघारी. तिथल्या वाळूत पाय त्यांनीही ठेवला नव्हता.

दोघी गुहागरला गेल्या. पोफळींच्या बागांमधली वाट संपली आणि समोर एकदम पाणी आलं. मालन मटकन वाळूत बसली. मग तिने डबा उघडला, नाचणीच्या भाकरी, लाल माठाची भाजी, आवळ्याचं लोणचं.

"ह्यांना दाखवायला हवा होता," ती म्हणाली.

"धोंडूलापण," हौसाबाई म्हणाल्या.

लाट आली तसे दोघींनी पाय आवरून घेतले. दुसरी आली तेव्हा नाही आवरले. ओल्या पायांनी, भाकरी हातावर घेऊन, त्या सावकाश जेवायला लागल्या.